बूटलोडरच्या लूपमधून मला बाहेर काढणाऱ्या दादांना

नमस्कार दादा,

त्या रात्री माझा बोर्ड (छोटा, एका पट्टीवरचा कॉम्प्युटर) चालू झाल्यावर घाईघाईत नुसतं थँक्यू म्हणून मी पळालो, म्हणून आता नीट लिहितोय.

माझं दुखणं साधंच होतं, यूएसबी ड्राइव्ह जागा व्हायला वेळ लावायचा आणि यू-बूट (बोर्ड चालू होताना आधी धावून लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, म्हणजेच बूटलोडर) एकदाच बघून हात वर करायचा, म्हणून म्हटलं २० वेळा प्रयत्न करणारा व्हाइल लूप टाकू. लिनक्सवर रोज लूप लिहितो, त्यात काय एवढं! पण सेटएनव्हीला (यू-बूटची व्हेरिएबल साठवणारी कमांड) स्क्रिप्ट डबल कोट्समध्ये दिली आणि काहीच धड चालेना. तुम्ही फक्त 'प्रिंटएनव्ही करून बघ' म्हणालात, म्हणजे काय साठवलं गेलंय ते छापून बघ. बघतो तर जिथे व्हेरिएबल हवं तिथे चक्क रिकामी जागा, कारण सेव्ह करतानाच त्याची किंमत भरली गेली होती आणि तेव्हा ती काहीच नव्हती. सिंगल कोट्समध्ये किंमत आधीच भरली जात नाही, ते टाकले, तो प्रश्न मिटला.

मग दुसरा घोळ, लूप २० ला थांबेचना. तुम्ही तेव्हाही उत्तर सांगितलं नाहीत (थोडा राग आला होता, खरं सांगतो), म्हणालात प्रत्येक फेरीला आकडा एको कर, म्हणजे स्क्रीनवर छाप. सिरियल कन्सोलवर (बोर्डचे मेसेज दाखवणारी खिडकी) ७, ८, ९ आणि त्यानंतर थेट 'ए' आला तेव्हा मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो. सेटएक्सप्र (आकडेमोड करणारी कमांड) सगळं हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजतो, जिथे ९ नंतर 'ए' येतो, त्यामुळे त्याचं १० म्हणजे आपलं सोळा, आणि आकड्यांची तुलना करणारी टेस्ट कमांड बिचारी २० म्हणजे वीसच धरून बसलेली, दोघांचा मेळ बसणार कसा!

शेवटी तुम्ही म्हणालात मोजतोसच कशाला, फॉर लूपला सरळ १ २ ३ ४ ५ अशी यादी दे, आत यूएसबी रिसेट कर, लोड जमलं तर बूट कर. मी विचारलं मग ब्रेक (लूप मध्येच थांबवणारी कमांड) कुठे टाकू, तर तुम्ही हसलात. कर्नल (लिनक्सचा गाभा) एकदा सुरू झाला की यू-बूट परत येतच नाही, लूप पुढे सरकला याचाच अर्थ बूट झालं नाही! हे मला कधी सुचलंच नसतं. बूट टार्गेट्सची (कुठून बूट करायचं त्या ठिकाणांची) यादी घेऊन एमएमसी (मेमरी कार्ड), यूएसबी, पीएक्सई (नेटवर्कवरून बूट) असं एकेक करून बघणारी यू-बूटची ती तयार स्क्रिप्टसुद्धा याच युक्तीवर चालते हे तुम्ही दाखवलंत, ती मी आधी दहादा वाचली होती पण डोक्यात शिरली नव्हती.

तयार स्क्रिप्ट पाठवली असतीत तर दोन मिनिटांत सुटला असता तुम्ही, त्याऐवजी दोन तास माझे लॉग वाचत बसलात. त्याबद्दल मनापासून आभार.

आणि हो, तो एको अजून काढला नाहीये, ड्राइव्ह कितव्या फेरीला उठला ते दिसतं. बहुतेक वेळा ३.