सुनंदास पत्र: एम्ब्रॉयडरीचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

नाशिक

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

मशीन घरी आलं आणि त्यात आधीपासून असलेली फुलं-पानं तू रुमालांवर, उशीच्या अभ्र्यांवर काढूनही पाहिलीस, हे वाचून फार बरं वाटलं. आता तुला स्वतःची डिझाइन करायची आहेत. बाळांच्या दुपट्यांवर नावं, ब्लाउजच्या पाठीवर पैठणीतला मोर, आणि हात बसला की ऑर्डरी. दुकानदाराने लाखभराचं सॉफ्टवेअर सुचवलं, भाच्याने मोबाइलवरचं ॲप दाखवलं, आणि एक जण पेनड्राइव्हमधून ‘सगळं टाकून देतो’ म्हणाला. यातलं काय घेऊ, असं तू विचारलं आहेस.

अगं, आत्ता यातलं काहीच घेऊ नकोस. लॅपटॉपवर इंकस्केप हा चित्र काढायचा प्रोग्रॅम आणि त्याला जोडून चालणारं, चित्राचे टाके करणारं इंक-स्टिच टाकून घे. दोन्ही मोफत आहेत, मुक्त परवान्याची आहेत, विंडोजवर चालतात, मॅक आणि लिनक्सवरही चालतात. चारेक महिने त्यावर काम कर आणि मग पैसे खर्च करायचे की नाही ते ठरव. असं का म्हणते ते सविस्तर लिहिते, कारण दुकानात तुला हे कुणी सांगणार नाही.

मशीनला चित्र दिसत नाही. फ्रेम इथून इथे सरकवायची, सुई खाली घालायची, धागा कापायचा, रंग बदलायला थांबायचं, एवढंच त्याला कळतं. पानाचा आकार कोणत्या टाक्याने भरायचा, टाके कुठल्या दिशेला झुकवायचे, किती दाट घ्यायचे, आधी देठ की आधी पान, हे माणसाला ठरवावं लागतं. आपल्याकडचे कारागीर याला पंचिंग म्हणतात. महाग सॉफ्टवेअर हे ठरवायला मदत करतं, काही गोष्टी पटापट करून देतं, पण निर्णय तुझाच राहतो. आणि तो निर्णय कापडावर टाके घालूनच शिकता येतो.

टाके मुळात तीन. धावदोरा, दोन कडांमध्ये येरझाऱ्या घालणारं सॅटिन, आणि मोठा भाग भरायची तातामी. सॅटिन 1 मिलिमीटरहून अरुंद केलं की धागा एका जागी गोळा होतो आणि तुटतो. तेच 7 मिलिमीटरच्या पुढे नेलं की लांब टाके सैल पडून बांगडीत अडकतात. नेहमीच्या 40 नंबरच्या धाग्याला ओळींमधलं अंतर 0.4 मिलिमीटरच्या आसपास ठेवलं की साधारण बरोबर बसतं. जरीच्या धाग्याला त्याहून विरळ ठेवायचं, मशीनचा वेग कमी करायचा आणि मोठ्या नेढ्याची सुई लावायची. ब्लाउजचं रेशमी कापड नाजूक असतं. त्यावर दाट टाके घातले तर सुईच्या भोकांनीच कापड फाटतं.

आणखी दोन गोष्टी नीट समजून घे, कारण तयार डिझाइन वापरताना त्या कधी जाणवतच नाहीत. पहिली म्हणजे अंडरले, वरच्या टाक्यांआधी खाली पडणारे विरळ टाके. ते कापडाला स्टॅबिलायझरशी, म्हणजे कापडाखाली लावायच्या आधाराच्या थराशी, बांधून ठेवतात आणि वरच्या टाक्यांना उठाव देतात. भिंतीला प्रायमर न मारता रंग दिला तर जे होतं, तेच अंडरले नसलेल्या सॅटिनचं होतं. दुसरी म्हणजे ओढ. प्रत्येक टाका कापडाला आपल्या दिशेने खेचतो. त्यामुळे स्क्रीनवरचं नेटकं वर्तुळ कापडावर अंडाकृती उतरतं आणि मोराच्या पंखाची कड शेजारच्या रंगापासून सुटून मध्ये कापड दिसायला लागतं. म्हणून आकार टाक्याच्या दिशेने 0.2 ते 0.4 मिलिमीटर वाढवून ठेवायचा. ताणल्या जाणाऱ्या कापडाला याहून जास्त लागतं. सॉफ्टवेअरमध्ये याचं नाव पुल कॉम्पेन्सेशन. हे आकडे बदलायची सोय ज्यात नाही, त्यावर तू शिकू शकणार नाहीस. भाच्याने दाखवलेलं ॲप मला याच कारणाने पटत नाही.

‘फोटो टाका, डिझाइन तयार’ या जाहिरातींचंही तेच. फोटोत रंगांच्या असंख्य छटा असतात. आपोआप करणारं सॉफ्टवेअर त्यांचे बारीक बारीक तुकडे पाडतं, प्रत्येक तुकडा वेगळा भरतं, मध्ये धागा तोडत राहतं आणि टाक्यांची दिशा बहुतेक ठिकाणी एकसारखीच ठेवतं. मोराची मान कुठे वळते, पीस कुठून फुटतं, हे त्याला कसं कळणार? दोन-तीन सपाट रंगांचा, स्वच्छ कडांचा लोगो असेल तर अशी सोय उपयोगी पडते, तेवढ्यापुरती वापर. पैठणीचा मोर मात्र हातानेच आखायचा.

आता इंक-स्टिचबद्दल. इंकस्केप हा रेषांनी चित्र काढायचा प्रोग्रॅम, 2003 पासूनचा. इंक-स्टिच टाकलं की ते त्याच्या एक्स्टेंशन्सच्या यादीत दिसतं. तू बंद आकार काढून त्यात रंग भरलास की त्याची तातामी होते. नुसती रेघ ओढलीस की धावदोरा. सॅटिनसाठी दोन कडांच्या रेघा काढायच्या आणि त्यांना छेदणाऱ्या छोट्या आडव्या रेघा टाकायच्या. त्या आडव्या रेघा जिकडे झुकतील तिकडे टाका झुकतो. मोराच्या पिसाला वळण देताना या आडव्या रेघांनीच काम होतं, आणि ते हाताने करून पाहिलं की टाक्याची दिशा म्हणजे काय ते कायमचं डोक्यात बसतं. पॅराम्स नावाच्या खिडकीत दाटपणा, अंडरले, ओढीची भरपाई असे सगळे आकडे बदलता येतात, आणि सिम्युलेटर एकेक टाका कसा पडेल ते मशीन लावायच्या आधीच दाखवतो.

त्रास आहेच. आधी इंकस्केप शिकावं लागतं, मग इंक-स्टिच. सुरुवातीला चिडचिड होईल. आकार कोणत्या क्रमाने शिवायचे ते तुला स्वतः लावावं लागेल, नाहीतर मशीन फ्रेमच्या या टोकाकडून त्या टोकाला उड्या मारत बसेल. पण हा क्रम लावायची सवय लागणं मला मोलाचं वाटतं. पुढे कुठलंही सॉफ्टवेअर घेतलंस तरी ती लागणारच आहे.

इंक-स्टिच सुचवण्यामागे माझं खरं कारण वेगळंच आहे. तुला नावं काढायची आहेत, आणि तीही मराठीत. विकतच्या सॉफ्टवेअरबरोबर तयार टाक्यांची जी अक्षरं येतात ती बहुतेक रोमन असतात. इंकस्केपमध्ये युनिकोड मराठी सरळ टाइप होतं, जोडाक्षरं नीट जुळतात, वेलांट्या जागच्या जागी बसतात. शब्द टाइप करून झाला की मेनूतलं ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ दाबायचं. अक्षरांच्या रेषा हाती येतात आणि त्यांवर टाके बसवता येतात. फॉन्ट निवडताना जाड-बारीक फार नसलेला घे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू २’ हे दोन्ही फॉन्ट मोफत मिळतात. बालू जाड आणि गोलसर आहे, सॅटिनला सुरेख बसतो. छापील पुस्तकातल्यासारखा बारीक टोकांचा फॉन्ट घेतलास तर ती टोकं 1 मिलिमीटरच्या आत जातील आणि धागा तिथे गोळा होईल.

देवनागरीत शिरोरेषेवर सगळं अवलंबून असतं. फॉन्टमधून आलेला आकार तसाच भरायला टाकू नकोस. शिरोरेषा अक्षरांपासून वेगळी कर. आधी सगळी अक्षरं शिव आणि शेवटी पूर्ण शब्दावरून एकच सॅटिनची शिरोरेषा टाक. अक्षरागणिक तुकड्यांनी शिवलीस तर कापडाच्या ओढीने तुकड्यांमध्ये फटी पडतात आणि शब्द तुटका दिसतो. अक्षरांचे दांडे शिरोरेषेच्या खाली थोडे घुसलेले असावेत, पण पूर्ण जाडीभर नकोत. नाहीतर तिथे टाक्यांवर टाके चढून गाठ होते आणि सुई अडते. अनुस्वार स्क्रीनवर दिसतो तेवढा ठेवला तर कापडात बुडून जातो, तो मुद्दाम मोठा कर. ‘ज्ञ’, ‘श्र’, ‘ष्ट’ अशी अक्षरं लहान आकारात भरून जातात. ‘ज्ञानेश्वरी’ असं नाव काढायचं असेल तर शब्दाची उंची वाढव किंवा नाव दोन ओळींत घे, पण अक्षर चेपू नकोस. आईने हौसेने ठेवलेलं नाव दुपट्यावर नीट वाचता आलंच पाहिजे.

आता विकतच्यांकडे. विल्कॉम ही सिडनीची कंपनी 1979 पासून याच कामात आहे. कारखान्यांसाठीचं त्यांचं एम्ब्रॉयडरीस्टुडिओ तुझ्या कामाला फार मोठं होईल. घरगुती कामासाठी त्यांचं हॅच आहे, फक्त विंडोजवर चालणारं. त्याच्या पायऱ्या आहेत, आणि स्वतःचं डिझाइन करायचं तर सगळ्यात वरची डिजिटायझर घ्यावी लागते. ती हजार अमेरिकी डॉलरच्या आसपास जाते. तुझ्या दुकानदाराचा लाखाचा आकडा असाच येतो. हॅच चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. आकार काढला की अंडरले, भरपाई आपोआप समजुतीने लावतं, बदल पटकन होतात, वेळ वाचतो. 30 दिवस मोफत वापरूनही बघता येतं. पण ते 30 दिवस आत्ता सुरू करू नकोस. तुझ्याकडे करायला ठोस डिझाइनं असतील, त्यातली काही इंक-स्टिचवर केलेली असतील, तेव्हा सुरू कर. तीच डिझाइनं हॅचमध्ये करून पाहिलीस की फरक लाखाचा आहे का, ते तुझं तुलाच कळेल.

विकतचं दुसरं सॉफ्टवेअर म्हणजे एम्ब्रिलियन्स. ते मॅकवरही चालतं आणि भागाभागांनी घेता येतं. इथे एक सांभाळ. त्यातलं एसेन्शियल्स तयार डिझाइनं जोडायला, लहान-मोठी करायला, नावं टाकायला आहे. नवीन डिझाइन आखायला स्टिचआर्टिस्ट लागतं, त्याच्या तीन पातळ्या आहेत आणि पहिली बरीच स्वस्त आहे. एडिटिंगचं सॉफ्टवेअर डिजिटायझिंगचं समजून घेणारे पुष्कळ जण असतात, म्हणून कुठलंही घेताना एकच प्रश्न विचार: ‘यात कोऱ्या पानावर मी स्वतः सॅटिन काढू शकेन का?’ मशीनच्या कंपन्यांचीही स्वतःची सॉफ्टवेअरं असतात, ब्रदरचं पीई-डिझाइन आहे, जनोमचंही आहे. मशीन त्यांचं म्हणून सॉफ्टवेअरही त्यांचंच घ्यायला हवं, असं मात्र काही नाही.

पेनड्राइव्हवाल्याला स्पष्ट नाही सांग. ते चोरलेलं सॉफ्टवेअर असतं. ते चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच लॅपटॉपवरून तू बँकेचे व्यवहार करतेस. शिवाय उद्या ऑर्डर अर्धी असताना ते उघडलं नाही तर कुणाला विचारशील? कुणीतरी वर्षानुवर्षं खपून बनवलेली वस्तू आपण फुकट घ्यायची आणि आपल्या भरतकामाचे मात्र पूर्ण पैसे मागायचे, हे मला मनापासून पटत नाही.

फायलींचं थोडक्यात. तुझं मशीन ब्रदरचं, म्हणजे त्याला पीईएस लागेल. जनोमला जेईएफ लागते. मोठी ऑर्डर बाहेर मल्टिहेडवर, म्हणजे एकाच वेळी अनेक नग काढणाऱ्या कारखान्यातल्या मशीनवर, करून घ्यायची झाली तर ते डीएसटी मागतील. डीएसटीत रंग साठवलेले नसतात, फक्त कुठे थांबायचं ते असतं. म्हणून सोबत रंगांचा क्रम कागदावर लिहून दे. जॉबवर्कचा दर हजार टाक्यांवर ठरतो, तेव्हा उगाच दाट केलेलं डिझाइन तुझ्याच खिशातून पैसे काढतं. आणि इंकस्केपमधली मूळ एसव्हीजी फाइल कधी पुसू नकोस. पीईएसमध्ये नुसते टाके उरतात, तिथून आकार बदलायला गेलीस तर दाटपणा बिघडतो. तुझी फ्रेम 10 बाय 10 सेंटीमीटरची आहे, तेव्हा पाठीचा अख्खा मोर एकदम बसणार नाही. आधी बाहीवरचा छोटा मोर कर, तोही सुंदर दिसतो.

सुरुवात नावाने किंवा मोरानेही करू नकोस. इंक-स्टिच टाकलंस की एक वर्तुळ, एक चौकोन आणि 1 पासून 8 मिलिमीटरपर्यंत रुंद होत जाणारी एक सॅटिनची पट्टी काढ. जाडसर सुती कापड घे, खाली स्टॅबिलायझर लाव, फ्रेममध्ये कापड घट्ट बसव, पण ओढून ताणू नकोस. ते शिवून झालं की वर्तुळ आडवं-उभं मोज आणि भरपाईचा आकडा वाढवून पुन्हा शिव. मग ‘आई’ हा शब्द घे. दोनच अक्षरं आहेत, आणि शिरोरेषेची परीक्षा पूर्ण होते.

मला फोटो पाठवशील तेव्हा कापडाच्या मागच्या बाजूचाही पाठव. सॅटिनच्या मागे मधोमध साधारण एक तृतीयांश बॉबिनचा पांढरा धागा दिसायला हवा. तो दिसत नसेल किंवा फार दिसत असेल, तर दोष डिझाइनमध्ये नसून धाग्याच्या ताणात असतो, आणि तो आधी नीट करावा लागतो. एसव्हीजी फाइलही जोड, म्हणजे मला इथे उघडून बघता येईल. रविवारी दुपारी मी मोकळी असते, फोनवर स्क्रीन दाखवत बोलू.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
वृंदा