ड्राय बाल्कनीत काहीच वाळत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कर्वेनगरात एका सोसायटीच्या गेटाशेजारी माझं इस्त्रीचं दुकान आहे. 22 वर्षं झाली. मागच्या आठवड्यात त्या सोसायटीत नोटीस लागली की गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत, इमारतीची शोभा जाते, दोऱ्या काढल्या नाहीत तर दंड. मी तिथली सभासद नाही. पण ते कपडे शेवटी माझ्या टेबलावर येतात, म्हणून लिहिते आहे.

पावसाळा लागला की गठ्ठा हातात घेतानाच कळतं. उन्हाळ्यात चादर पापडासारखी कडक येते, तिला पाणी मारावं लागतं. आता तीच चादर हाताला गार लागते आणि इस्त्री टेकवली की चर्र होऊन वाफ निघते. वरवरचं पाणी जातं. कॉलरमधलं, शिवणीतलं, खिशाच्या पट्टीतलं तसंच राहतं आणि घडी घातली की रात्रीतून कुबट वास धरतो. गेल्या वर्षी एका बाईंनी मुलाच्या युनिफॉर्मचा शर्ट परत आणून टाकला, म्हणाल्या हा वास तुमच्या दुकानातला. शर्ट आला तेव्हाच दमट होता, हे त्यांना काही पटेना. शेवटी मीच धुऊन दिला.

सगळे म्हणतात ऊन नाही, काय करणार. ऊन नाही हे खरं, पण वारा आहे ना! पुण्यात पाऊस मुंबईसारखा कोसळत नाही, बहुतेक दिवस नुसती बुरबुर असते. पश्चिमेचा वारा मात्र जून ते ऑगस्ट छत्री उलटी करेल असा वाहतो. तोच आपण स्लायडिंगच्या काचा लावून बाहेर ठेवला आहे.

सिमला ऑफिसातून, म्हणजे पुण्याच्या हवामान खात्यातून, रिटायर झालेले एक काका माझ्याकडे कपडे देतात. त्यांनी मला वेधशाळेतले दोन थर्मामीटर समजावून सांगितले. एक साधा, दुसऱ्याच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळलेलं. कापडातलं पाणी उडतं तसा तो गार पडतो. एप्रिलच्या कोरड्या दुपारी दोघांत 15 अंशांच्या आसपास फरक पडतो, पावसाळ्यात जेमतेम 2 अंश, कारण हवाच पाण्याने भरलेली, आणखी घेणार कुठून. मला लगेच माठ आठवला. एप्रिलमध्ये दात शिवशिवतील असं पाणी देणारा माठ जुलैमध्ये नुसता बसून असतो.

माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, तिने पुढचा हिशेब करून दिला. 10 फूट लांब, रुंद आणि उंच खोली घ्या. 25 अंशाला तिथली हवा फार तर साडेसहाशे ग्रॅम वाफ धरते. पावसाळ्यात त्यातली 80 टक्के जागा आधीच भरलेली. म्हणजे उरली सव्वाशे ग्रॅमची, चहाचा एक कप! आता मशीनमधून पिळून आलेले कपडे मी वजनकाट्यावर ठेवून पाहिले. 4 किलोचे कपडे 6 किलो भरले. तेव्हा खिडक्या लावून खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांना 2 लिटर पाणी सोडायचं आहे आणि जागा एका कपाची. खोलीतली हवा निदान 16 वेळा बदलल्याशिवाय ते वाळणार कसे? दारं-खिडक्या बंद करून पंखा फिरवला तरी तीच ओली हवा गोल गोल फिरते. पंखा हवाच, पण समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवून. कापडाला चिकटून बसलेली दमट हवा वाऱ्याने हलली तरच पुढचं पाणी उडतं.

मी दोन सारखे टॉवेल घेऊन पाहिलं. एक मुलीच्या खोलीत उघड्या खिडकीशी, पंख्याखाली. दुसरा शेजारणीच्या काचा लावलेल्या गॅलरीत. पहिला सकाळी 9 ला घातला, तीनच्या सुमारास घडी घातली. दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळीही काठाला ओलाच होता.

गंमत म्हणजे बिल्डर स्वयंपाकघराशेजारच्या कोनाड्याला ड्राय बाल्कनी म्हणतात. तीन बाजूंनी भिंत, चौथीला काच, आत वॉशिंग मशीन आणि भांड्यांचं सिंक. तिथे वाळतो फक्त तो शब्द.

सोसायटीच्या कमिटीला माझं सांगणं एवढंच. दोरी कठड्याच्या उंचीखाली, आतल्या बाजूने बांधू द्या, म्हणजे रस्त्यावरून दिसणार नाही. पावसाळ्यापुरती स्लायडिंगची एक काच काढून ठेवायला परवानगी द्या. गच्चीला कुलूप असतं, ते पाऊस उघडला की दुपारी दोन-तीन तास काढा. आणि बायकांनो, शर्ट हँगरला लावा, दोन शर्टांत वीतभर अंतर सोडा. जीन्स उलटी करून खिसे बाहेर काढून टांगा. दोरीवर चादर चौपदरी टाकून वाट पाहण्यात अर्थ नाही.

पत्र छापल्यास नाव देऊ नये ही विनंती. गिऱ्हाईकं त्याच सोसायटीतली आहेत, आणि नोटिशीवर सही करणाऱ्या साहेबांचे कपडेही माझ्याकडेच येतात. कालही ओलेच आले होते.

— एक इस्त्रीवाली, कर्वेनगर, पुणे