औलीचा सराव: रविवारी सिंहगड, सगळ्यांनी यायचंय

मंडळी, रविवारी पहाटे साडेपाचला गडाच्या पायथ्याशी आतकरवाडीत जमू. अंधार असेल, बॅटरी आणा. पाणी दोन लिटर.

औलीत, म्हणजे उत्तराखंडातल्या बर्फाच्या डोंगरउतारांवर, आपण पायात स्की घालून चढही चढणार आहोत. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात. ती पुढे सरकते, मागे घसरू देत नाही. टाच मोकळी असते, म्हणून पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं. ही चाल बर्फावरच जमेल, पण दम गडावरच कमवायचा.

वेग सर्वात सावकाश चालणाऱ्याचा. गेल्या खेपेला एक काकू मागे पडल्या आणि निम्म्यातूनच एकट्या परतल्या. ते मला फार लागलं. या वेळी सगळ्यांत शेवटी मी चालेन. ज्यांना डोळ्यांनी कमी दिसतं त्यांनी आधी कळवा, जोडीदार देतो. गुडघे दुखले तर खुशाल परता, सोबत कुणीतरी उतरेल.