लेजरमधली ढोलकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात चौथीत शिकते. परवा शाळेतून आली तेव्हा तिच्या फ्रॉकवर कागदाचा छोटा झेंडा चिकटवलेला होता. लाल, गडद निळा आणि फिकट निळा पट्टा. लष्कर, नौदल आणि हवाई दल. ‘‘आबा, तुमच्यासाठी वीस रुपये दिले,’’ असे तिने मला ऐकवले. पावती विचारली तर तिने झेंड्याकडे बोट दाखवले. हीच पावती.

सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून दर ७ डिसेंबरला पाळला जातो. त्यानिमित्त निधी गोळा होतो, तो शहीद जवानांची कुटुंबे, अपंग सैनिक आणि माजी सैनिक यांच्यासाठी. आपल्याकडे जिल्ह्याला उद्दिष्ट ठरवून दिले जाते, जिल्हा ते खात्याखात्यांत वाटतो. मग तहसील, पंचायत समिती, शाळा सगळे कामाला लागतात. उद्दिष्ट इतके टक्के पूर्ण झाले म्हणून सत्कार होतो आणि त्याचा फोटो आपल्याच पेपरात येतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः माजी सैनिक, हा पैसा आमच्याच माणसांसाठी आहे. पण जमा किती झाले हे दरवर्षी वाजतगाजत कळते, तसे खर्च किती आणि कुणावर झाले हे कळल्याचे मला तरी आठवत नाही.

हे लिहिण्याचा मला थोडा हक्क आहे, कारण फौजेत मी क्लार्क होतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका पलटणीत बंदुकीपेक्षा लेजर, म्हणजे हिशेबाची वही, जास्त हाताळले. घरचे अजूनही हसतात.

बाहेरच्या लोकांना वाटते, फौजेत सगळा पैसा सरकारी. तसे नसते. सरकारी खजिन्यातून येतो तो पब्लिक फंड, त्याला सरकारी ऑडिट. दुसरा रेजिमेंटल फंड. त्यात कँटीनचा नफा, जवानांची वर्गणी, युनिटमधल्या दुकानांचा रिबेट असे काय काय जमा होते. व्हॉलीबॉलचे नेट, रीडिंग रूममधले पेपर, बडाखान्याची (सगळ्या पलटणीच्या एकत्र जेवणाची) मिठाई, मंदिरातले टाळ-ढोलकी हे सगळे त्यातून. नियमाप्रमाणे पलटणीचा प्रमुख, म्हणजे कमांडिंग ऑफिसर (सीओ), या पैशाचा विश्वस्त असतो, आणि दर तीन महिन्यांनी अधिकाऱ्यांचे ऑडिट बोर्ड बसते.

आमचे एक मेजर साहेब असे बोर्डाला बसले की घाम फोडायचे. लेजरमध्ये ‘ढोलकी, नग २’ अशी नोंद. मंदिरात सापडली एक. दुसरी एका कंपनीबरोबर फायरिंग रेंजवर गेली होती. पोरांनी रात्रीच्या भजनाला नेलेली. साहेब म्हणाले, ढोलकी दाखवा नाहीतर लिहून द्या. मग टेलिफोन एक्स्चेंजमधून रेंजवर फोन लावला, कंपनीच्या सुभेदार साहेबांनी ढोलकी जागेवर असल्याचे सही करून पाठवले आणि ते चिटोरे मी लेजरला टाचणीने लावले. ढोलकीची किंमत तीनशे चाळीस रुपये. त्या दिवशी मी साहेबांवर मनातल्या मनात फार चिडलो होतो.

पण खरी गोष्ट पुढे आहे. बोर्डावर बसणारे अधिकारी आमच्याच पलटणीतले. ज्या जवानाची वर्गणी, त्याला लेजर कधी दिसायचे नाही. नंतर एक सीओ साहेब आले, त्यांनी सैनिक संमेलनात, म्हणजे सगळ्या पलटणीच्या सभेत, फंडाचा जमाखर्च वाचून दाखवायला सुरुवात केली. तीन-चार मिनिटांचे काम. तिसऱ्या की चौथ्या महिन्यात पारोळ्याकडचा एक शिपाई उभा राहिला. म्हणाला, साहेब, रिक्रिएशन रूमचा टीव्ही एकदाच बिघडला, दुरुस्तीचे पैसे दोनदा कसे? सगळी पलटण गप्प. मी व्हाउचर काढून बघितले. एकच बिल मी दोन ठिकाणी चढवले होते. चूक माझी. त्या पानावर बोर्डाच्या तिन्ही अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या आणि कुणाच्याही नजरेला ती आली नव्हती. रोज त्या टीव्हीसमोर बसणाऱ्याला बरोबर दिसली.

वरच्या पातळीवरही हा विषय येऊन गेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आर. आर. पिल्लई खटल्यात सांगितले, की युनिट चालवते त्या कँटीनमधले कर्मचारी सरकारी नोकर नाहीत. ही कँटीने सरकारी तिजोरीवर चालत नाहीत, हे त्यामागचे एक कारण. त्याच सुमारास सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने, या कँटीनना माल पुरवणाऱ्या कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंटवर अहवाल दिला आणि या युनिट कँटीनचे हिशेब सरकारी ऑडिटच्या बाहेर राहतात, यावर बोट ठेवले. फौजेचे म्हणणे असते, की हा पैसा जवानांचा आहे, सरकारचा नाही. मान्य. मग जवानाला तरी दाखवा. (कँटीन म्हटले की आपल्याकडे सगळ्यांना फक्त स्वस्त रम आठवते, हा भाग वेगळा.)

आता ध्वजदिनाकडे येतो. हा तर जवानांचाही नाही, माझ्या नातीसारख्यांचा पैसा. आमच्या गल्लीत एक वहिनी राहतात. त्यांचे यजमान १९७१ च्या लढाईत होते, पण पंधरा वर्षांची नोकरी पुरी झाली नाही, म्हणून पेन्शन नाही. अशा ६५ वर्षांवरील माजी सैनिकांना आणि विधवांना केंद्राकडून दरमहा ४,००० रुपये मिळत. १ नोव्हेंबर २०२५ पासून ते ८,००० झाले. मुलांच्या शिक्षणाची आणि मुलीच्या लग्नाची मदतही दुप्पट झाली. वर्षाला सुमारे २५७ कोटी लागतील असे संरक्षण मंत्रालयाने सांगितले आहे, आणि हा खर्च ध्वजदिन निधीतूनच होणार आहे. वहिनींचा अर्ज दोनदा परत आला. डिस्चार्ज बुकात नाव ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’. मी त्यांच्याबरोबर खेटे घातले तेव्हा त्यांनी विचारले, ‘‘दादा, ह्या पैसा कोन देस? सरकार का लोके?’’

लोके, म्हटले. माझ्या नातीचे वीस रुपयेही त्यात गेले असतील. आणि म्हणताना लक्षात आले, की तसे दाखवायला माझ्याकडे एक कागदही नाही.

म्हणून दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज केला. विचारले एवढेच: गेल्या वर्षी आपल्या तालुक्यातून निधी किती जमला, आणि जिल्ह्यातल्या किती जणांना त्यातून कोणत्या कामासाठी किती मदत झाली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच आले, टक्केवारीसकट. दुसऱ्यासाठी अर्ज ‘संबंधित कार्यालयाकडे’ वर्ग केल्याचे पत्र आले. ते संबंधित कार्यालय अजून बोललेले नाही. कुणी पैसे खाल्ले असा माझा आरोप मुळीच नाही. मी स्वतः एक बिल दोनदा चढवलेला माणूस आहे.

माझे मागणे सैनिक संमेलनातल्या त्या तीन-चार मिनिटांएवढे आहे. नवे उद्दिष्ट वाटण्याआधी प्रत्येक जिल्ह्याने गेल्या वर्षीचा एक कागद लावावा: जमा इतके, वर पाठवले इतके, जिल्ह्यात परत आले इतके, अमुक इतक्या विधवांना, इतक्या मुलांच्या शिक्षणाला, वसतिगृहाला इतके. लाभार्थ्यांची नावे नकोत, आकडे पुरेत. तहसीलच्या फलकावर लावा, जिथे पैसे गोळा होतात त्या शाळेत लावा, ग्रामसभेत वाचा. कुणीतरी पारोळेकर उठेल आणि विचारेल. विचारू द्या.

नातीने झेंडा फ्रॉकवरून काढून माझ्या काठीला चिकटवला आहे. सोमवारी वहिनींचे कागद घेऊन पॅसेंजरने जळगावला जायचे आहे. तिथल्या फलकावर काय लावले आहे तेही बघून येतो.

आपला,
एक निवृत्त हवालदार (क्लार्क)
ता. अमळनेर, जि. जळगाव