सोळाव्या वर्षीचं लायसन्स नक्की कुठल्या गाडीचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये माझी 31 वर्षं तपासणीत गेली. छापलेल्या कागदावरची खोट शोधायची, एवढंच काम. असं असून नातवाच्या शिकाऊ लायसन्सवर काय छापलंय ते मी वाचलं चार दिवसांनी. त्या चार दिवसांत तो सूनबाईंची स्कूटर चालवत जेल रोडहून कॉलेज रोडला क्लासला गेला होता, आणि मागच्या सीटवर मीच बसलो होतो. सांगायला लाज वाटते, पण आमच्या गल्लीत माझ्यासारखे आणखी चारजण तरी निघतील, म्हणून हे पत्र.

नातू अकरावीत, नुकतंच सोळावं पूर्ण झालंय. दहावीच्या निकालापासून त्याचा एकच घोशा, की सगळ्या मित्रांनी ‘विदाउट गिअर’, म्हणजे बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स काढलंय. चौकशी केली तर जो तो म्हणाला, हो, सोळाला मिळतं, फक्त पालकांची संमती लागते. मग एका रविवारी आम्ही दोघं सारथी पोर्टल, म्हणजे लायसन्सची सरकारी वेबसाइट, उघडून बसलो. रक्तगटाच्या रकान्यापाशीच अडलो, कारण तो घरात कुणालाच ठाऊक नव्हता. आधारला जोडलेला मोबाइल मुलाचा, तो चाकणला शिफ्टवर, आणि कंपनीत मोबाइल आत नेऊ देत नाहीत. त्याला सुट्टीत ओटीपी दिसेपर्यंत तो शिळा झालेला. तीन रविवार त्यात गेले. शेवटी मुलगा घरी आला तेव्हा जमलं. तब्येतीचं स्वयंघोषणापत्र भरलं, दाखला चढवला, लायसन्सचे 150 आणि परीक्षेचे 50 रुपये भरले.

पेठ रोडच्या आरटीओत जायचं म्हणजे आमच्यासाठी शहराचं दुसरं टोक. द्वारका चौकातल्या कोंडीत रिक्षाचं मीटर बघवत नाही. सूनबाई संमतीची सही करायला रजा टाकून आल्या. बाहेर एकाने गाठलंच. “आजोबा, कशाला उन्हात उभे राहता, बाराशे द्या, पोराला फक्त बोट लावायला पाठवा.” मी म्हटलं, पैसे भरलेत आणि पोरगं अभ्यास करून आलंय. तो हसला आणि जाता जाता म्हणाला, “विदाउट गिअर हातात पडलं की कुठलीपण स्कूटर चालवू द्या, कोणी अडवत नाही.” त्याला पैसे दिले नाहीत, पण त्याचं हे वाक्य मात्र मी फुकट घेऊन घरी आलो.

15 प्रश्नांपैकी 9 बरोबर यावे लागतात, नातवाचे 13 आले. अरुंद पुलाची खूण आणि रस्ता पुढे अरुंद होतो ती खूण यात तो गोंधळला. (मला विचारलं असतं तर मीही गोंधळलो असतो. 1983 साली मला असलं काही विचारलं नव्हतं.) घरी आल्यावर आम्ही नियमाने वागलो, निदान तशी समजूत होती. पांढऱ्यावर लाल ‘एल’च्या पाट्या पुढे-मागे लावल्या. शिकाऊ असताना मागे लायसन्सवालाच बसायला हवा, म्हणून मी बसलो. क्लास सुटेपर्यंत टपरीवर दोन-दोन चहा प्यायलो.

पाचव्या दिवशी लायसन्सचा कागद जपून ठेवायला म्हणून कपाट उघडलं. तिथे माझ्या जुन्या लुना मोपेडचं आरसी बुक सापडलं. त्यावर इंजिनाच्या क्षमतेपुढे 50 च्या आतला आकडा होता. सवयीने दोन्ही कागद शेजारी धरले. नातवाच्या कागदावर वाहनाच्या वर्गापुढेही तेच, 50 सीसी. सूनबाईंची स्कूटर 110 ची.

मग नीट चौकशी केली. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलाला फक्त 50 सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते, तीही गिअर नसलेली. तो कायदा झाला तेव्हा आम्ही प्रेसवाले लुनावर कामाला जायचो, त्यामुळे त्याला अर्थ होता. आज दुकानात जाऊन 50 सीसीची पेट्रोल स्कूटर मागा. मी दोन ठिकाणी मागितली, विक्रेत्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढची गंमत म्हणजे 30 दिवसांनी पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला त्याच वर्गाची गाडी घेऊन जायचं. ती आणायची कुठून, भंगारवाल्याकडून? उलट 250 वॉटच्या आतली आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत चालणारी बॅटरीची स्कूटर असेल तर लायसन्सच लागत नाही. म्हणजे लायसन्स घेऊन चालवायची ती मिळत नाही आणि मिळते तिला लायसन्स नको.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात 199अ कलम आलं आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी. 3 वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स नाही. मुलाकडे शिकाऊ लायसन्स असेल तर पालक सुटतो, पण ते तो चालवत असलेल्याच गाडीचं हवं. 50 सीसीचा कागद खिशात ठेवून 110 ची स्कूटर चालवली तर तो कागद कामाचा नाही. माझ्या मते तर असलेला वाईट, कारण त्याच्या भरवशावरच मी चावी दिली. कागद नसता तर दिली नसती.

आरटीओच्या खिडकीवरच्या बाईंची यात काही चूक नाही, त्यांनी कायद्यात आहे तेच दिलं. माझी मागणी परिवहन खात्याकडे आहे आणि छोटी आहे. संमतीच्या सहीच्या वर, मराठीत, मोठ्या टायपात दोन ओळी छापा: ‘हे लायसन्स 50 सीसीपर्यंतच्या गाडीचे आहे. घरातील नेहमीची स्कूटर यावर चालवता येणार नाही.’ एवढं वाचलं असतं तर सूनबाईंनी सही केली नसती. आणि सोळाव्या वर्षी मुलांना काही चालवू द्यायचंच असेल, तर आज विकली जाणारी कुठली गाडी, किती वेगाची, ते सरकारने एकदा ठरवून टाकावं. कनिष्ठ महाविद्यालयांनीही पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या स्कूटरींकडे जरा बघावं. अकरावीच्या वर्गात अठरा पूर्ण झालेली मुलं किती असणार?

नातू सध्या सिटीलिंकच्या बसने जातो. चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी लुनाचं आरसी बुक हातात घेऊन विचारत होता, “आजोबा, ही गाडी आता कुठे आहे?” 2004 साली 700 रुपयांना विकली, हे ऐकून तो जास्त चिडला.

आपला,
एक निवृत्त प्रेस कामगार
जेल रोड, नाशिक रोड