रात्रीची गाडी

विडी घरकुल, कुंभारी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडलास, मीही नको ते बोलून गेले. कंपनीतनं कमी केलं हे तू दोन महिने लपवलंस, राग त्याचा होता. पार्सलं पोचवतोस त्याचा नाही. फक्त रात्री अकरानंतर गाडी काढू नकोस.

२०२० चा मार्च आठव. टाळेबंदी लागली, विडी कारखान्याला कुलूप, पान-तंबाखू मिळेना, बाबांचे मागही बंद. घरात मावशीनं मंगळवेढ्याहून दिलेली ज्वारी तेवढी होती. मी कडक भाकरी करायला बसले. पातळ थापायची, भाजली की विस्तवाच्या कडेला उभी करायची, पापडासारखी वाजेपर्यंत. तू बोटं भाजून घेतलीस, तरी दहा-दहाच्या चवडी लावत होतास. भाकऱ्या विकून आलेल्या पहिल्या दीडशे रुपयांत तेल आलं आणि आज्जीच्या बीपीच्या गोळ्या. आज्जी म्हणाली, मिल बंद पडली तेव्हा मीपण असंच विड्या वळायला मांडीवर सूप घेतलं. आजोबा चार महिने भिंतीकडे तोंड करून बसले होते. घर तिच्या हजार विड्यांवर चाललं. कारखान्यात छाट निघाली, म्हणजे विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या, की तेवढ्या फुकट, त्या रात्री ती जेवायची नाही.

तू तसा बसून राहिला नाहीस, दुसऱ्या दिवशी गाडी काढलीस. शेजारच्या काकूंना मी हे दोनदा सांगितलं. पण बाळा, माझ्याकडं निदान विडीचं कार्ड आहे, फंड कापला जातो. तू पावसात घसरलास तर बघणारं कोण? असंघटित कामगारांचं ते ई-श्रमचं कार्ड काढ, विम्याचं नीट विचार, हेल्मेटचा पट्टा लाव, आणि रात्री... बघ, परत तेच. थकून येतोस आणि वर माझं हे ऐकायचं. रागावू नकोस.

पाठवलेले दोन हजार देवापुढं ठेवलेत, मोडले नाहीत. गाडीचा मागचा टायर गुळगुळीत झालाय म्हणालास ना? तेच पैसे परत पाठवते, आधी टायर बदल.

उद्याच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं काकूंचा मुलगा पुण्याला येतोय. त्याच्याकडं कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिलीय. भाकऱ्या पंधरा दिवस टिकतील, पण रोज खा, पुरवून ठेवू नकोस.

खोलीवर पोचलास की मिस कॉल दे, कितीही वाजू देत. अकराच्या आत आला तर बरं.

तुझी आई