मावळ्याच्या मनगटावरचे घड्याळ

महोदय,

शिवजयंती झाली की लढायांच्या सादरीकरणांची छायाचित्रे आपल्या पुरवणीत पानभर येतात. मीही बरीच वर्षे अशी छायाचित्रे काढतो आहे. त्यामुळे हे पत्र तक्रारीचे आहे तसेच कबुलीचेही.

यंदा आमच्या भागातल्या एका मंडळाने मैदानावर पावनखिंड उभी केली. पोरांनी दोन महिने घाम गाळला होता. लाठी, पट्टा, कशातच कसूर नव्हती. पण लेन्स जवळ आणली आणि जीव हळहळला. बाजीप्रभूंसोबत लढलेल्या बांदलांच्या मावळ्यांना ड्रेपरीवाल्याकडून आणलेले केशरी सॅटिनचे अंगरखे, पाठीला चेन, गळ्यात प्लॅस्टिकचे मोती. सॅटिनवर ऊन पडले की नुसती पांढरी चकाकी उठते. सुती कापड ऊन पिते, काखेत घामाने काळवंडते, त्याच्या चुण्यांतून खांद्याची ताकद दिसते. एका पोराच्या हातात डिजिटल घड्याळ होते. ते मी संगणकावर पुसून टाकले. पुढे तेच चित्र एका शाळेच्या भिंतीवर ‘शिवकालीन मावळा’ म्हणून लागलेले पाहिले आणि पोटात गोळा आला.

ते खरे मावळे महाराजांसोबत 12 जुलै 1660 च्या रात्री, आषाढी पौर्णिमेला, आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा चुकवून पन्हाळ्यावरून निघाले आणि भर पावसात चिखल तुडवत दुसऱ्या दिवशी खिंडीत पोचले. त्यांच्या खांद्यावर जरीचा शेला कुठून येणार?

नेपोलियनच्या वॉटर्लूच्या लढाईला 2015 मध्ये दोनशे वर्षे झाली, तेव्हा बेल्जियममध्ये हजारो हौशी मंडळींनी ती पुन्हा उभी केली. त्यांचे एक बरे आहे, त्या सैन्यांच्या गणवेशाचे नियम लिहिलेले सापडतात. फ्रेंच पायदळाच्या बटणावर तर पलटणीचा क्रमांकसुद्धा असे. आपल्या मावळ्याला असा ठरलेला गणवेश नव्हता, म्हणून आयोजक म्हणतात, काहीही चालते. माझे मत नेमके उलट आहे. नियम लिहिलेले नाहीत, तर जास्त शोधायला हवे. मनुची या इटालियन प्रवाशासाठी मीर मुहंमद या चित्रकाराने काढलेले महाराजांचे अश्वारूढ चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. घोड्याच्या आजूबाजूला पायी चालणारे शिपाई आहेत, त्यांचे कपडे निरखून पाहावेत. पेशवाईतली चक्री पगडी शिवकाळातल्या डोक्यावर ठेवू नये. रंगांचेही तेच. रासायनिक रंग 1856 नंतरचे. त्याआधी मंजिष्ठा, नीळ, हळद, कुसुंबा. डोळ्यांत खुपणारा तो चमकता केशरी यातून निघत नाही.

त्याच मैदानावर तालमीतले एक वयस्कर वस्ताद आपल्या रोजच्या कपड्यांत उतरले होते. गुडघ्यापर्यंत खोचलेले धोतर, जाडीभरडी बंडी, स्वतःच्या हाताने बांधलेले मुंडासे. पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या लोखंडी आवरणात, हात घालताना त्यांनी मुंडाशाचा सुटलेला पदर दातात धरून आवळला. त्या दिवशीचे माझे सर्वांत खरे छायाचित्र तेच, आणि त्या पोशाखाला भाडे एक रुपयाही लागले नव्हते.

2025 च्या जुलैमध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात गेले, त्यात पन्हाळाही आहे. आता कॅमेरे वाढणार, चित्रे दूरवर जाणार. मंडळांना माझी विनंती आहे की मांडवावरच्या रोषणाईतले थोडे पैसे मांजरपाटाच्या जाड सुती कापडावर आणि शिंप्यावर खर्च करा. पोशाख ठरवण्याआधी एखाद्या अभ्यासकाला घरी जाऊन भेटा. आपल्यालाही एक विनंती आहे. अशा छायाचित्राखाली ‘सादरीकरण’ हा शब्द, गाव आणि तारीख न चुकता छापावी.

माझ्यापुरते सांगतो, त्या शाळेत जाऊन मी जुने चित्र उतरवून घेतले. मूळ छायाचित्र, घड्याळासकट, त्या पोराच्या गावाचे नाव आणि सादरीकरणाची तारीख खाली लिहून मुख्याध्यापकांकडे दिले आहे.

आपला,
एक छायाचित्रकार वाचक, कोल्हापूर